सहादूने लावलेली बोकडाची स्लाइड

नाशिकच्या एका खासगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहादू सव्वीस वर्षं मांस रंगवत होता. उंदराच्या मांडीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर चढवायचा, आधी निळ्या आणि मग गुलाबी रंगात बुडवायचा. स्नायू गुलाबी होत आणि त्यांत दडलेली जंताची अळी जांभळट, जिलबीसारखं वेटोळं घालून उठून दिसे. गावाकडे पेठला कुणी विचारलं, तर तो सांगे, "रंगारी हाय मी."

एवढं रंगवावं, तर पोरं बघतच नसत. मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधीच पुस्तकातली जिलबी वहीत काढून मोकळी!

यंदा परीक्षेच्या आठवडाभर आधी सहादूने रविवारच्या मटणातली नखाएवढी फोड बाजूला काढली.

"ही कुणाला?" बायको चिमणाबाईने विचारलं.

"कॉलेजला. पोरांची परीक्षा घेतो."

त्या फोडीची त्याने अगदी मन लावून स्लाइड केली आणि परीक्षेत उंदराच्या जागी लावून दिली. तीस पोरांनी तीस जिलब्या काढल्या. एकाने तर दोन. एकतिसावी पायल मात्र म्हणाली, "सर, यात काहीच नाहीये."

परीक्षा घेणारे धनराज सर आले, वाकले. "नीट बघ. उजव्या कोपऱ्यात, चांगली गरगरीत आहे."

सहादू पाठ करून बाटल्या विसळत होता. त्याचे खांदे गदगदत होते.

पायलने पुन्हा पाहिलं. "नाही सर."

"मग शून्य मिळेल."

पोरीचे डोळे भरले. सहादूचं हसू मावळलं. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. ओल्या हातांनीच तो पुढे आला.

"सर, तिचं बरोबर हाय. ते बोकडाचं मटण हाय, माझ्या घरचं. अळी असती तर मी रस्सा ओरपला असता का?"

सरांनी पुन्हा डोळा लावला, बराच वेळ.

"मग मघाशी मी काय पाहिलं?"

"तुमची पापणी असंल, सर."

पायलला पैकीच्या पैकी मिळाले, तिसांची फेरपरीक्षा झाली आणि सहादूला मेमो: प्रयोगशाळेत विनापरवानगी मटण आणल्याबद्दल.

पुढच्या परीक्षेला सर तासभर आधी आले. एक डोळा मिटून त्यांनी प्रत्येक स्लाइड स्वतः तपासली. सहादू मागोमाग स्टूल सरकवत होता, अगदी साळसूद चेहऱ्याने.