न मागितलेला उंट

एस्तरबाई रिपोर्टच्या समासात पेन्सिलीने मराठीत लिहायच्या. लंडनच्या त्या ऑफिसात रुजू झालो त्याच आठवड्यात जुन्या फायली चाळताना मला पहिली ओळ सापडली: ‘हे कोणाला विचारून ठरवलं?’ मी चक्रावलोच. केंब्रिजहून अर्थशास्त्र शिकून आलेला मी पुण्याचा मुलगा. साहेबांच्या फायलीत मराठी कुठून आलं म्हणून शोधत गेलो, तर खिडकीपाशी करडं कार्डिगन घालून साठीच्या एक बाई प्रूफं तपासत बसलेल्या.

आमची कंपनी युद्धातून सावरणाऱ्या देशांसाठी मदतीच्या योजना आखायची. शाळा किती, रस्ते कुठे, धान्य कोणाला. बाईंनी फक्त स्पेलिंगं बघायची. त्या अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. लग्न होऊन लंडनला आल्या आणि नवरा गेल्यावर मराठी बोलायला घरात कोणी उरलं नाही. समासाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “प्रूफवालीचं मत कोण विचारतो? पण पोटात ठेवलं की मला झोप लागत नाही. म्हणून लिहून टाकते. आजवर कोणाला वाचता येत नव्हतं, बरं होतं. आता तू आलास, पंचाईतच झाली.”

पंचाईत खरं तर माझी झाली. ‘पंप दिला, बिघडला की कोण बघणार?’ ‘बायका एवढ्या लांब चालत येतील का?’ असलं काहीतरी त्या लिहीत, आणि ते नेमकं वर्मावर बसे. आधी मी हसायचो. मग माझ्या ड्राफ्टवर काय लिहिलंय ते बघायला सकाळी सगळ्यात आधी जायला लागलो.

माझा पहिला स्वतंत्र रिपोर्ट आफ्रिकेतल्या एका देशाचा होता. यादवी संपून माणसं गावांकडे परतत होती, आणि प्रत्येक घराला दोन वर्षं खाद्यतेलाचे डबे फुकट द्यायचे अशी योजना होती. मी तिथे दहा दिवस राहून आलो. एका गावच्या बाजारात एका बाईने तिळाची लाकडी घाणी पुन्हा उभी केली होती. घाणीचा उंट सैनिकांनी नेलेला, म्हणून ती आणि तिच्या दोघी बहिणी स्वतःच दांडा ओढत गोल फिरायच्या. मी तिच्याकडून तेलाची एक बाटली घेतली आणि एस्तरबाईंना आणून दिली.

बाईंनी तळहातावर थेंब घेऊन वास घेतला. मग सांगितलं की त्यांच्या आज्याची घाणी होती. शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. गिरणीच्या तेलाचे डबे आले आणि आज्याने बैल विकला. दुसऱ्या दिवशी माझ्या ड्राफ्टवर ओळ होती: ‘फुकटचा डबा दारात आल्यावर त्या बाईचं तेल कोण घेईल?’ त्या माझ्या टेबलापाशी आल्या, पहिल्यांदाच. “हे पेन्सिलीचं नाही रे,” म्हणाल्या. “हे तू शाईने लिही.”

मला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. पण ते तेल मदत देणाऱ्या देशाचंच शिल्लक तेल होतं, त्यावर बोट ठेवलेलं कोणाला आवडलं नसतं. माझ्या वर्क परमिटचे कागद साहेबांच्या सहीसाठी पडले होते. बाईंना ‘बघतो’ म्हणालो, खोडरबर घेऊन ती ओळ खोडली, आणि रिपोर्ट पुन्हा बाईंकडे न देता थेट साहेबांकडे पाठवला.

दोन वर्षांनी पाहणीसाठी मला पुन्हा तिथेच पाठवलं. ती घाणीवाली बाई बाजारात त्याच जागी बसली होती. समोर तेल नव्हतं, आमचे रिकामे डबे मांडले होते. घाणीचं लाकूड सरपणाला गेलं, असं दुभाष्याने विचारून सांगितलं. तिने मला ओळखलं नाही. पाणी साठवायला चांगला आहे म्हणून एक डबा पुढे केला.

परतलो त्या सकाळी एस्तरबाई वाटच बघत होत्या. ती बाई भेटली का, घाणी चालू आहे ना, त्यांनी विचारलं. हो म्हणालो. तेवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण माझी जीभ थांबेना. “उंट घेतला तिने,” मी म्हणालो. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

सोमवारी त्यांनी डबा आणला. पोहे, खोबरं, साखर, वेलदोडा, वर बदामाचे काप. त्यांच्याकडे नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. “त्या घाणीसाठी बोलले होते,” बाई म्हणाल्या. “उंट तर मी मागितलाही नव्हता.” मी मलिदा खाल्ला. त्यांनी आग्रह केला तेव्हा आणखी घेतला.

त्याच हिवाळ्यात एस्तरबाई गेल्या. खरं सांगायला मला चार महिने मिळाले होते, आणि आमच्या टेबलांमध्ये सात-आठ पावलांचं अंतर होतं. दफनाच्या दिवशी पाऊस होता. त्यांच्या मुलीने मला शोधून काढलं, दोन्ही हातांत माझा हात धरला आणि इंग्रजीत सांगितलं की आई सगळ्यांना तुझी गोष्ट सांगायची. म्हणायची, आयुष्यभर समासात लिहिलं, पण ऑफिसातल्या एका मुलाने माझं एक वाक्य ऐकलं, आणि कुठल्यातरी बाईला त्यामुळे उंट मिळाला.

मी तिला थँक यू म्हणालो.