दुसऱ्या खिळ्यावरचा शर्ट

उरणजवळच्या एका कंटेनरच्या गोदामात मी कारकून आहे. आमचा गणवेश म्हणजे आकाशी शर्ट आणि खिशावर कंपनीचं चिन्ह. गेल्या हिवाळ्यात एक चित्रकार बाई ऑफिसात आल्या. अलिबागला त्यांना प्रदर्शन मांडायचं होतं. प्रत्येकाने दोन शर्ट द्यायचे. एका खिळ्यावर ऑफिसचा, शेजारच्या खिळ्यावर स्वतःचा.

"स्वतःचा म्हणजे ज्यात तुम्ही स्वतःला स्वतःसारखे वाटता, तो," बाई म्हणाल्या. ऐकताना सोपं वाटलं.

घरी कपाट उघडलं आणि डोकंच चालेना. निम्मे शर्ट आकाशी, उरलेले हळदीचे. आमच्यात लग्नाच्या हळदीला भावकीतले सगळे एकाच ताग्यातले शर्ट शिवून घेतात. म्हणजे ऑफिसात सगळे एकसारखे आणि मांडवातही सगळे एकसारखे. मग माझा कुठला? आणि हा प्रश्न मला चाळिशीला आल्यावर का पडावा, याचाच मला राग आला. शेवटी धाकट्या बहिणीच्या हळदीचा जांभळा शर्ट उचलला. तो घालून मी नाचता नाचता रडलो होतो, एवढं तरी नक्की माझं होतं.

प्रदर्शनात पाहतो तर शेजारीच दुसरा जांभळा. माझा चुलतभाऊ माझ्याच ऑफिसात आहे, त्यानेही तोच आणलेला. बाई दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"स्वतःचा आणायला सांगितलं होतं ना?"

"स्वतःचाच आहे," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. लोक हसले. मीही हसलो, पण मनातून ओशाळलो.

प्रदर्शन संपल्यावर शर्ट परत मिळाले. आईने माझा उलगडून बघितला आणि बाजूला ठेवला.

"ह्यो तुजा न्हाय. तुज्या शर्टाचा बटन नाचताना तुटलेला. मी पांढऱ्या दोऱ्यान लावलेला, जांभला दोरा नव्हता घरान."

मला ते बटण कधी तुटलं हेसुद्धा माहीत नव्हतं. अदलाबदल झाली होती तर. चुलतभावाला लगेच फोन केला. तो म्हणाला, "अरे, तो आईने कालच मिठागरावर नेला. दोन्ही सारखेच, काय फरक पडतो?"

मिठागरावर बायका उन्हासाठी लुगड्यावरून पोरांचे जुने शर्ट घालतात. माझ्या आईचेही तीन-चार आकाशी मिठाने पांढरे होऊन फाटले आहेत, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण बहिणीच्या हळदीचा शर्ट काकीच्या अंगावर खारा होणार म्हटल्यावर राहवेना. फरक पडत होता. का, ते मात्र सांगता येत नव्हतं.

रविवारी सकाळीच मिठागरावर गेलो. समोर सगळ्या आकाशी पाठी, मीठ ओढणाऱ्या. आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या पोरांचे शर्ट तिथे वाकून काम करत होते. त्यात माझी आई कुठली, मला ओळखता येईना. खूप वाईट वाटलं. एकच पाठ जांभळी होती, लांब बांधाकडे. ती काकी, हे नक्की होतं. आईला नंतर शोधू म्हणून आधी तिकडे गेलो.

"काकी, जरा शर्टाचं बोलायचं होतं."

ती वळली. ती आई होती.

"सकालीच बदलून घेतला," ती म्हणाली. "माजा निला शर्ट दिला तिला." छातीवरच्या बटणाला पांढरा दोरा होता. "तुला परत पायजे काय?"

तेवढ्यासाठीच तर आलो होतो. "न्हाय," म्हणालो.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आज सुटी ना तुजी? मग ह्यो कशाला घातलास?"

मी खाली बघितलं. माझ्या अंगात आकाशी शर्ट होता.