अंतराळाच्या प्लेटीला जवसाचं तेल

खर्र... खर्र... कीं...ई!

हा आवाज मी तरुणपणी ऐकला आणि तो अजून माझ्या कानातून निघालेला नाही. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी तेलवाला होतो. म्हणजे तेल विकणारा नव्हे. हातात कुप्पी घेऊन मशीनच्या सांध्यासांध्यात तेल सोडणारा. एकदा एक बेअरिंग कोरडं राहिलं, असं ओरडलं, आणि जाड पट्टा तुटून माझ्या कानाजवळून उडत्या सापासारखा गेला! तेव्हापासून मला कोरड्या धातूची भीतीच बसली. तुम्ही हसाल, पण दाराच्या कड्या, सुनेची कात्री, शेजाऱ्याच्या सायकलची साखळी, सगळ्यांना मी न विचारता तेल देतो.

तर चहा घ्या, आणि या भीतीपायी मी काय करून बसलो ते ऐका. वैऱ्याच्या हातूनही होऊ नये असा पराक्रम आहे.

माझी नात पल्लवी नागपूरला इंजिनिअरिंग शिकते. दसऱ्याच्या दोन दिवस आधी घरी आली ती एक डबा छातीशी धरून. एसटीत तिने तो मांडीवरून खाली ठेवला नाही म्हणे. आत होती तळहाताएवढी अॅल्युमिनियमची प्लेट, अंगावर केसासारख्या बारीक खाचा.

"हे काय वं माय?"

"आबाजी, हे अंतराळात जाणाऱ्या यानासाठी हाय. जाईल तवा जाईल. आत्ता फक्त परीक्षा."

मी सावकाश बोलणारा माणूस, मला समजतंही सावकाशच. तिने मला तांब्यावरून समजावलं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना? तशी यानातल्या माणसांच्या श्वासातली वाफ या थंड प्लेटीवर धरायची. म्हणजे हवाही कोंदट होत नाही आणि पाणी परत वापरता येतं.

"मंग त्यात काय मोठं? पाणी खाली गळन. वाटी लावा!"

"तिथं खाली नाहीच ना, आबाजी!"

आता बोला. खाली नाही! जन्मात असं वाक्य ऐकलं नव्हतं. तिथे वजन लागत नाही, म्हणून थेंब गळत नाही. जिथल्या तिथे फुगत बसतो, प्लेटीचा थंडावा अडवतो, आणि सुटलाच तर हवेत तरंगत कुणाच्या नाकात शिरतो, नाहीतर विजेच्या तारांत. मला तर त्या थेंबाचीच धास्ती बसली. ओळख ना पाळख, आणि मी वरच्या माणसांसाठी घाबरून बसलो!

पल्लवीने त्यावर उपाय केला होता. प्लेटीवर एक लेप दिला होता. त्यावर पाणी पडलं की थेंब बनायचाच नाही. ते पापुद्र्यासारखं पसरायचं आणि खाचांतून कडेला ओढलं जायचं. दसरा झाला की प्लेट घेऊन तिला लांबच्या गावी जायचं होतं. तिथे उंच मनोऱ्यातून डबा खाली सोडतात. पडता पडता आतल्या वस्तूंचं वजन क्षणभर नाहीसं होतं, तेवढ्यात पाणी कसं वागतं ते पाहून घ्यायचं. तिथली पाळी मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. ही हुकली तर पोरीचं शिक्षण संपेपर्यंत पुन्हा नाही.

आणि मध्ये आली खंडेनवमी.

जिनिंगमध्ये त्या दिवशी मशीन बंद. झेंडूची माळ, हळदीकुंकू, तेलाचं बोट. ज्या हत्याराने वर्षभर पोट भरलं त्याला एक दिवस हात जोडायचे. घरात मी अजून पाना, विळा, सुनेचं शिलाई मशीन, सगळं पुजतो. मग नातीचं हत्यार कोणतं? तीच प्लेट! मायलेकी झेंडू आणायला बाजारात गेल्या होत्या.

पल्लवी ती प्लेट धरताना पांढरे हातमोजे घालायची. मी म्हटलं, केवढी सोवळ्यातली वस्तू! मोजे मला कुठले? म्हणून मी पुन्हा आंघोळ केली आणि उघड्या हातांनी... अहो, डोकं कशाला धरता? पुढचं ऐका. पाहतो तर प्लेट कोरडी ठणठणीत! खाचाच खाचा, आणि तेलाचं नाव नाही. माझा जीव कळवळला. जवसाचं तेल घेतलं आणि बोटाने एकेक खाच मायेने भरली. कुंकू लावलं, मग पोरगी चिडेल म्हणून पुसलं. "पोरीले यश दे," म्हणालो. डोळे भरून आले, खोटं नाही सांगत.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झालं, आणि पल्लवी म्हणाली, "आबाजी, बसा इथं. तुमाले दाखवते."

तिने प्लेट बर्फावर ठेवली. सुनेने वाफाळती किटली जवळ धरली.

"पाहा हं, पाणी कसं पसरते!"

पसरलं नाही. अळूच्या पानावर बसावेत तसे थेंब बसले. टपोरे, गोल, चकचकीत.

"वा! मोत्यावानी!" मी म्हणालो.

पल्लवीचा चेहरा पिठासारखा पांढरा. "आई, लेप गेला."

"कुठं गेला?" सुनेने विचारलं.

"कुठं म्हणजे? मेला! पाणी पसरूनच नाही राह्यलं. निघतानी तं चांगला होता... माझंच चुकलं असन. भट्टीत कमी ठेवला असन."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजाडलं. तेल आणि पाणी! हे तर शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही ठाऊक असतं.

बोलायला हवं होतं ना? पण मी त्या थेंबांकडेच पाहत बसलो. पल्लवी कॉलेजच्या मॅडमला फोन लावायला अंगणात गेली, कारण रेंज तिथेच. सून तिच्या मागोमाग. घरात मी आणि ती प्लेट. भ्यालेला माणूस काय करतो? निस्तरायला जातो! मी मोरीत बसलो, बंबातली राख घेतली, काथ्या घेतला, आणि कढई घासावी तशी ती प्लेट घासली. काय झालं असेल? जवसाचं तेल आणि राख मिळून घट्ट लांबी तयार झाली, खिडकीच्या काचेला भरतात तशी! सगळ्या खाचा बंद.

अंगणातून आवाज येत होता. "मॅडम, मी नाही जाऊन राह्यली. दुसऱ्या गटाले पाठवा. मले नाही जमत हे काम..."

रडत होती हो. माझ्या तेलापायी लेकरू स्वतःला नालायक म्हणत होतं. मग राहवलं नाही. राखेच्या हातांनी प्लेट धरून, भिंतीचा आधार घेत मी बाहेर गेलो.

"पल्लवी, थांब माय. तुयं नाही चुकलं."

"मॅडम, एक मिनिट... आबाजी, हे काय हाय हातात?"

"तुई प्लेट."

"अशी काहून दिसून राह्यली?"

"राखेनं घासली."

"काहून?"

"तेल निघत नव्हतं."

"कोणतं तेल?"

"जवसाचं."

सुनेने कपाळावर हात मारला. "मामाजी! माई कात्री कमी पडली काय तुमाले?"

"खंडेनवमी होती," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मी मान खाली घालून उभा राहिलो. आता ओरडेल, आता प्लेट फेकेल. पण पोरगी हसली हो! डोळे पुसत हसली. "मॅडम, लेप चांगला हाय! आमच्या आबाजीनं तेल लावलं. हो, तेल. पूजेचं." मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "आबाजी, भेऊ नका. मी एकाच भट्टीत दोन बनवल्या होत्या. दुसरी डब्याच्या खालच्या कप्प्यात हाय, कपड्यात गुंडाळून. सकाळी तीच नेते."

"देव पावला!" सून म्हणाली.

माझी मान काही वर येईना.

"आता काय झालं, आबाजी?"

हे मी तुम्हालाही अजून सांगितलेलं नाही. पण तुम्हीच विचार करा. दोघी सख्ख्या बहिणी. एकीला तेलकुंकू करायचं आणि दुसरीला अंधारात कोरडी ठेवायची, हे कोणाच्या काळजाला बरं वाटेल?

"बाई," मी म्हणालो, "तिले तं मी जास्तच लावलं. खाली कोपऱ्यात पडली होती, बिचारी वाटली."

पल्लवीने फोन बंद केला. माझ्याकडे पाहिलं. आणि डब्याचा खालचा कप्पा उघडायला घरात धावली.