चाकाचा आवाज

कारखान्यात हत्यारांना धार लावायच्या ग्राइंडरला नवं दगडी चाक बसवायचं ते फिटरकाकांनीच, हा रिवाज एकोणतीस वर्षांचा. चाक बोटावर टांगायचं आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने चार जागी टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर बसवायचं, बद्द वाजलं तर फेकायचं. बद्द म्हणजे आत तडा. असं चाक फिरताना फुटलं, की समोरच्याचं थोबाड गेलंच म्हणून समजा.

काकांना गेल्या वर्षापासून टिचकी ऐकूच येत नव्हती. घणाच्या यंत्राने कान खाल्ले होते. घरी बायको ओरडली की ते तिच्यावरच डाफरायचे, "पुटपुटतेस काय?" कारखान्यात मात्र तोंडातून ब्र नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. टिचकी मारायची, शेजारच्याचा चेहरा बघायचा आणि मान डोलवायची. चोरी होती ती, आणि त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यंत्रं बंद होती आणि जवळ कुणीच नव्हतं. काकांनी टिचकी मारली, सवयीने मान डोलवली. चाक बसवलं, हत्यार टेकवायचा टेकू चाकापासून तीन मिलिमीटरवर आणला, हाताने फिरवून पाहिलं. एवढ्यात लेथवाली बाई हत्यार घासायला आली.

"झालं का, काका? करू सुरू?"

काकांनी बटणावर हात ठेवला. नियमाप्रमाणे नवं चाक मिनिटभर रिकामं फिरेल तोवर दोघंही बाजूला उभी राहणार, पण त्यानंतर चाकासमोर तिचा चेहरा येणार. त्यांनी चाक पुन्हा उतरवलं.

"तूच ऐक, बाई. मला ऐकू येत नाही."

तिने टिचकी मारली. तिचा चेहरा पडला. "बद्द वाजतंय, काका."

सुपरवायझर दारातच होता. कानांवर झाकणं द्या म्हणून काकांनी तीनदा अर्ज केला, तेव्हा "नाजूक झालात का?" म्हणून हसलेला हाच. आज त्याने कागदावर लिहून दाखवलं, 'वर्षभर लोकांच्या जिवाशी खेळलात.' ते खरंच होतं. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली.

निघताना पाहिलं तर चाक वाजवायचं काम बाईकडे आलं होतं. घण पाच हातांवर दणाणत होता आणि तिचे कान उघडे.

"कानात कापूस घाल," काका म्हणाले.

तिने ओठ हलवले. 'काय म्हणालात?' एवढं त्यांना ओठांवरून कळलं.