तिसऱ्या फेरीनंतरचा सूर

आमच्या सर्कशीचा इतिहास छापून आला. मालकांच्या नातवाने एक प्रत माझ्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर पाठवली. बॅण्डच्या फोटोत मी ट्रम्पेट धरून उभा आहे. पुढच्या पानावर लिहिलंय : नाशिकच्या मुक्कामात हत्तीण बिघडली आणि तिने स्वतःच्या माहुताचा पाय चिरडला.

ही ओळ खोटी आहे. ते सांगू शकणारा आता मी एकटाच उरलोय.

तो खेळ असा होता. माहूत रिंगणात उताणा झोपायचा आणि हत्तीण त्याच्या गुडघ्यांवर पाय अधांतरी धरायची. आम्ही एकच धून चार वेळा वाजवायचो. चौथ्या फेरीत माहूत बाजूला सरकायचा, मग मी ट्रम्पेटवर लांब सूर लावायचो. तो ऐकला की ती पाय खाली ठेवायची. तिची सगळी भिस्त त्या सुरावर होती.

त्या दिवशी संध्याकाळच्या खेळाची मला सुट्टी होती. बायको घोटीला माहेरी बाळंत झाली होती, मुलगी मी अजून पाहिली नव्हती. दुपारच्या खेळाआधी माहूत हसला, "काय मास्तर, इस्त्रीचा शर्ट! पोरगी पळून जाते की काय? वाजवताना घाई नको हां. आमची बाई तुमच्यापेक्षा ताल पक्का धरते."

डोक्यात बसची वेळ होती. तिसऱ्या फेरीनंतरच मी लांब सूर लावला.

माहूत ओरडला. लोक उठून उभे राहिले. ढोलवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रम्पेट पुसत राहिलो.

दवाखान्यात माहूत एकच सांगत होता, "ती चुकत नाही हो मास्तर. तुम्ही तरी मॅनेजरला सांगा."

मी म्हणालो, "जनावर आहे, भाऊ."

तिला तंबूमागे साखळदंडात बांधलं. ती धून आम्ही सायकलवाल्यांच्या खेळाला वाजवू लागलो. एकदा कनातीच्या फटीतून पाहिलं तर ती तिकडे एकटीच पाय उचलून उभी होती. मी लांब सूर लावल्यावर तिने तो हळूच खाली ठेवला. मुक्काम हलायच्या आधी तिला ट्रकमध्ये घालून नेलं. माहूत कुबड्यांवर फाटकापर्यंत गेला.

बायको गेली. मुलगी परदेशात असते, रविवारी फोन करते. तिला हे कधी सांगता आलं नाही.

आज मालकांच्या नातवाला फोन केला. म्हटलं, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा. हत्तीण बिघडली नव्हती, ट्रम्पेटवाला चुकला होता."

"जाऊ द्या ना आजोबा, कोण वाचतंय आता," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "कोणता ट्रम्पेटवाला?"

"आधीच्या पानावर फोटो आहे," मी म्हणालो. "डावीकडून तिसरा."