काळ्या दिव्याखालचा मासा

आमच्या महिला मंडळाचे किस्से शिवणाच्या चिंध्यांसारखे साठत जातात. उपयोग शून्य, पण टाकवत नाहीत! त्यातल्या बऱ्याच चिंध्या काळ्या आहेत. त्याचं कारण, सत्तरच्या दशकात आम्ही सांगलीकर बायकांनी ब्लॅक लाइटमध्ये बालनाट्य करायचं मनावर घेतलं!

अंधाऱ्या स्टेजवर एक जांभळट ट्यूब. तिच्या उजेडात फक्त चमकत्या रंगाचे पुठ्ठ्याचे मासे दिसणार. ते नाचवणाऱ्या आम्ही डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत, म्हणजे अदृश्य. आणि मधोमध पांढऱ्या फ्रॉकमधली राजकन्या, माझी साडेचार वर्षांची मनू.

ही मुलगी दिवा नसेल तर न्हाणीघरात पाऊल टाकत नाही! स्टेजवर अंधार झाला, आई दिसेना, आणि तिनं भोकाड पसरलं तर? या विचारानं माझी झोपच उडाली. शेवटी नवरा वैतागून म्हणाला, "अगं, राजकन्या मनू होणार आहे. तू नाहीस!"

*

मुंबईहून ट्यूब आली. वायरमन शंकररावांनी भर दुपारी, हॉलच्या खिडक्या सताड उघड्या ठेवून ती लावली. उजेड पडेना.

"वयनी, ह्यो दिवा हाय का दिव्याची सावली?"

आमच्या अध्यक्ष सुलभाताई कडाडल्या, "आधी खिडक्या लावा!"

खिडक्या लागल्या. कडक धुतलेला पांढरा सदरा तेवढा अधांतरी झळकायला लागला. बाकी शंकरराव गायब!

अंधारातून आवाज आला, "आयला! मी कुटं गेलो?"

*

रंगीत तालमीच्या दिवशी सगळ्या जणी हळदीकुंकवाहून थेट आल्या. उकडत होतं म्हणून तोंडावरचे काळे पडदे वर सारलेले. ट्यूब लागली, आणि माशांच्या मागे हिरवट पिवळे ठिपके पोहायला लागले. हळद त्या उजेडात चमकते, हे हळदीच्या पेठेत जन्म काढून आम्हाला त्या दिवशी कळलं!

"पुसा ती कपाळं!" सुलभाताई ओरडल्या.

शांताकाकू जागच्या हलल्या नाहीत. "सवाष्णीनं कपाळ पुसायचं? त्यापेक्षा मासे पुसा!"

पडदे खाली आले. तोवर मनू मात्र खूश होती. त्या ठिपक्यांतला आपल्या आईचा कुठला, हे तिनं हेरलं होतं. आता तोही झाकला गेला.

*

खरा प्रयोग माण तालुक्यातल्या एका गावी, जत्रेत. ट्यूब स्टेजच्या पुढच्या कडेला ठेवली, पण तिला प्रेक्षकांच्या बाजूनं आडोसा द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अंधार झाला आणि पहिल्या रांगेतल्या मानकऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र टोप्या पेटल्यासारख्या दिसायला लागल्या. मासे राहिले बाजूला, गाव टोप्याच बघतंय!

मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, तुमी पेटलायसा!"

सुलभाताईंनी हात जोडून टोप्या काढायची विनंती केली.

आबा म्हणाले, "टोपी काढाय आमी काय मयताला आलोय व्हय?"

मग तोड निघाली. मानकऱ्यांनी खांद्यावरची काळी घोंगडी टोपीवरून ओढून घेतली. आबांची कुरकुर चालूच. "नाटक तुमचं, आन् सोंग आमाला!"

*

दुसऱ्यांदा अंधार झाला. मनू एकटी मधोमध. मी तिच्या मागेच, सगळ्यात मोठा मासा दोन्ही हातांनी धरून. बोलायचं नाही, शिवायचं नाही, असा सुलभाताईंचा कडक हुकूम.

मासा हवेत उठला, आणि रडणं सुरू झालं. मनूचं नव्हे, समोरच्या पोरांचं! "आये, भूत!" एकानं सूर लावला की सगळी रांग. काही पोरं तर उठून पळायच्या बेतात.

मनूनं मागं वळून माशाकडे नीट पाहिलं. मग ती ठरलेली जागा सोडून पार स्टेजच्या कडेला गेली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"रडू नका रे! भूत नाहीये, माझी आई आहे ती. मासा बघा कसा थरथरतोय, तीच घाबरलीये!"