बॉयलरमध्ये दोनदा गेलेले साहेब

हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, कितीही दमले असले तरी! आज आमच्या कारखान्याचा बॉयलर तपासायला सरकारी निरीक्षक आले होते. चार दिवस साफसफाई करून आम्ही मेटाकुटीला आलेलो. साहेब आत जाऊन, सगळं बघून बाहेर आले आणि मी लगेच सहीसाठी पेन पुढे केलं.

त्यांनी विचारलं, "याच्यासमोर रोज कोण उभं असतं?"

"मीच की," आमचे फोरमन शिंदेमामा म्हणाले. "घरचे म्हणतात, खाटही तिकडंच टाका."

साहेब हसले, गुडघे चोळत खाली बसले आणि त्या अरुंद तोंडातून पुन्हा आत सरपटले. आतून हातोडीची टकटक ऐकू येत राहिली. मला खरंतर रागच आला. नियम, मंडळं, परवाने, किती ती कटकट! पण या सगळ्याच्या शेवटी असा एखादा थकलेला माणूस काळोखात रांगत असतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

एक नळी झिजलेली निघाली, वाफेच्या दाबानं कधीही फुटली असती अशी. सही मिळाली नाही, म्हणजे अजून दोन दिवस राबणं आलं. मामा मात्र त्या नळीकडे बघतच राहिले.

ज्यांच्यावर चिडलात, त्यांनीच तुमच्या माणसाला वाचवलं, असं तुमचंही झालंय का?